जुन्या जीपला इलेक्ट्रिक फॅन बसवायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे महिंद्राची एमएम ५४० आहे, २११२ सीसीचं प्युजो डिझेल इंजिन. तिच्या रेडिएटरला मी इलेक्ट्रिक फॅन दोनदा बसवला, पहिल्यांदा चुकीचा आणि दुसऱ्यांदा बरोबर. तेव्हापासून ओळखीचे-अनोळखी सगळे तेच तेच विचारतात, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतोय. जीप धरून लिहिलंय पण जिप्सी, जुनी पिकअप, बेल्टवर फॅन असलेली कुठलीही गाडी असली तरी नियम तेच.

गाडी गरम होते. फॅन बसवला की प्रश्न सुटेल ना?

कदाचित. आधी मला सांगा गाडी गरम कधी होते. सिग्नलला, टोलच्या लाइनीत, लग्नाच्या वरातीमागे हळूहळू चालताना काटा वर जातो आणि गाडी पळायला लागली की खाली येतो, असं असेल तर हवा कमी पडतेय आणि फॅनने फरक पडेल. पण हायवेला ७०-८० च्या स्पीडने काटा चढत असेल तर फॅनवर पैसे घालू नका, त्या स्पीडला समोरून येणारी हवाच भरपूर असते, ५०-६० च्या पुढे फॅन चालू असला काय नसला काय फारसा फरक नाही. तिथे दोष दुसरीकडे आहे : रेडिएटर आतून चोक झालाय, फॅन बेल्ट ढिला आहे, वॉटर पंपाची पाती खाऊन गेलीत, थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) अर्धवट उघडतोय, रेडिएटरच्या कॅपचं रबर गेलंय, किंवा देव न करो, हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या हेडखालचं सील. सकाळी थंड इंजिन चालू केल्याकेल्या रेडिएटरच्या तोंडातून बुडबुडे येत राहिले, थांबतच नाहीत, तर गॅस्केटचा संशय घ्या आणि फॅन विसरा.

तिसरा प्रकार घाटाचा. दुसऱ्या गिअरमध्ये फुल लोड, स्पीड २०, वर मे महिन्याचं ऊन. इथे दोन्ही गोष्टी असू शकतात. आधी रेडिएटर उघडून रॉडिंग, म्हणजे नळ्यांतून सळई घालून सफाई, करून घ्या, मग फॅन. मी उलट केलं होतं, फॅन बसवून झाल्यावर रेडिएटर उघडला तर खालच्या टाकीत गंजाचा चिखल निघाला.

मेकॅनिकल फॅन चांगला चाललाय, मग बदलायचा कशाला?

बेल्टवरचा फॅन इंजिनच्या आरपीएमवर फिरतो, हीच त्याची अडचण. ट्रॅफिकमध्ये इंजिन आयडलला असतं, म्हणजे हवेची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच तो सगळ्यात हळू फिरतो, आणि हायवेला त्याची गरज नसते तेव्हा विमानासारखा आवाज करत पळतो. इलेक्ट्रिक फॅनला इंजिनच्या आरपीएमशी घेणंदेणं नाही, उभ्या गाडीतही तो फुल फिरतो. बदल करायचं खरं कारण एवढंच.

पण तुमच्या गाडीला काउलसकट (फॅनभोवतीचं, हवा जाळीतून ओढायला लावणारं आवरण) ओरिजिनल फॅन आहे, रेडिएटर साफ आहे आणि गाडी तापत नाही, तर कशाला हात लावताय? बेल्टवरचा फॅन फ्यूज उडून बंद पडत नाही.

ॲव्हरेज वाढतं म्हणे?

थोडंफार. फॅनला लागणारी ताकद स्पीडच्या घनाच्या प्रमाणात वाढते, आरपीएम दुप्पट झाले की आठपट, त्यामुळे हायवेला मेकॅनिकल फॅन खरंच इंजिनची ताकद खातो आणि तो काढल्यावर गाडी मोकळी झाल्यासारखी वाटते. पण इलेक्ट्रिक फॅनही फुकट फिरत नाही, तो करंट अल्टरनेटरमधून येतो आणि अल्टरनेटरला इंजिनच फिरवतं. फक्त तो गरजेपुरताच चालतो म्हणून हिशोब फायद्यात. ॲव्हरेजसाठी हा खटाटोप करू नका, निराश व्हाल. थंडीत सकाळी इंजिन लवकर गरम होतं आणि आवाज कमी होतो, हे दोन फायदे मात्र पहिल्याच दिवशी जाणवतात.

जुना फॅन काढायचा की दोन्ही ठेवायचे?

जागा असेल तर पहिले काही दिवस दोन्ही ठेवून बघायला हरकत नाही, पण बहुतेक जीपमध्ये रेडिएटर आणि वॉटर पंप यांच्यात दोन्ही मावत नाहीत. जुना काढताना एक बारीक गोष्ट कोणी सांगत नाही : फॅन आणि वॉटर पंपाची पुली एकाच बोल्टांवर असतात. फॅन आणि त्याचा स्पेसर काढला की तेच बोल्ट लांब पडतात, आत टेकतात, वरून टाइट लागतात पण पुली ढिलीच राहते. आखूड बोल्ट घ्या किंवा खाली वॉशर भरा, आणि मग पुली हाताने हलवून बघा. बेल्ट काढून टाकायचा नाही हे सांगायला नको, पण सांगतो, कारण एका भाऊंनी काढला होता. बेल्टवर पंप आहे आणि अल्टरनेटरही.

कुठला फॅन घेऊ? मारुती ८०० चा स्क्रॅपमध्ये मिळतोय.

८०० चा फॅन ७९६ सीसीच्या पेट्रोल इंजिनाच्या छोट्या रेडिएटरसाठी आहे, जीपच्या डिझेलपुढे तो बिचारा एकटा कमी पडतो. मोठ्या डिझेल कारचा, स्वतःच्या काउलसकट असलेला फॅन बघा. मुंबईत कुर्ल्याला सीएसटी रोडवर, पुण्यात जुन्या बाजारात फिरलात की काही ना काही हाताला लागतं, जाताना रेडिएटरच्या जाळीचं माप लिहून न्या आणि टेप बरोबर ठेवा. जाळीचा जास्तीत जास्त भाग झाकेल असा १४ किंवा १६ इंची, नाहीतर दोन १० इंची शेजारी शेजारी.

दोनच वायरी असलेला साधा फॅन घ्या. हल्लीच्या गाड्यांच्या फॅनला तीन-चार वायरी असतात, कुणाला दोन स्पीड, कुणाचा कंट्रोलर आतच, ते बॅटरीला लावून फिरत नाहीत आणि दुकानदार परत घेत नाही.

दुकानातच बॅटरीवर लावून बघा. शाफ्टला साइड प्ले नको, बेअरिंगचा घरघर आवाज नको. आणि चालू होताना फॅन हातात घट्ट धरा, पाती मोकळ्या असतील तर बोटं सांभाळा, जोरात हिसका देतो.

फॅन रेडिएटरच्या पुढे लावू की मागे?

मागे, म्हणजे इंजिनच्या बाजूला, हवा ओढणारा. पुढे लावलेला फॅन बंद असताना त्याची मोटर आणि फ्रेम हायवेला येणारी हवा अडवते. मागे जागाच नसेल तर पुढे चालेल, पण मग हवा ढकलणारा फॅन पाहिजे.

फॅन उलटा फिरतोय. वायरी उलट केल्या की झालं ना?

फिरण्याची दिशा बदलेल, साध्या डीसी मोटरमध्ये प्लस मायनस उलट केलं की झालं. पण पात्यांचा बाक एका दिशेसाठीच दिलेला असतो, उलट फिरवलात तर आवाज पूर्ण आणि हवा निम्म्याहून कमी. काही फॅनची पाती काढून पालथी बसवता येतात, तशी सोय असेल तर पाती पण पालथी करा.

माझी पहिली चूक हीच. रस्त्याकडेच्या एका गॅरेजमध्ये फॅन मागे बसवला आणि तो हवा ओढायच्या ऐवजी पुढे ढकलत होता. समोरून वारा आत येतोय, मागून फॅन त्याला बाहेर लोटतोय, दोघांची कुस्ती. गाडी पळवली की जास्त तापायची आणि आम्ही दोन आठवडे थर्मोस्टॅटला शिव्या देत बसलो.

तपासायची पद्धत फुकट आहे : फॅन चालू करा आणि वर्तमानपत्राचं पान रेडिएटरच्या पुढून जाळीजवळ न्या. चिकटलं पाहिजे, आणि कागद सोडला तरी पडला नाही पाहिजे. सगळ्या कोपऱ्यांत करून बघा, कुठे चिकटतं आणि कुठे नाही त्यावरून काउलची पण परीक्षा होते.

काउल लागतंच का? नुसता फॅन चिकटवला तर?

लागतं. काउल नसेल तर फॅन फक्त स्वतःच्या गोलापुरतीच हवा ओढतो, जाळी चौकोनी, गोल मधे, चारी कोपरे कोरडे. काउल सगळ्या जाळीवर बसतं आणि सगळीकडून हवा ओढली जाते, पण जाळी आणि पात्यांच्या मधे साधारण २०-२५ मिलिमीटर अंतर ठेवा, अगदी चिकटवलं तर काउलचा अर्धा उपयोग गेला. कडेने फोमची पट्टी लावा म्हणजे फटीतून हवा चोरली जाणार नाही. मी अॅल्युमिनियमच्या पत्र्याचं केलं, दीड मिलिमीटर जाड, शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याने वाकवून दिलं. काउल पूर्ण बंद असेल तर हायवेला हवा आत अडते, म्हणून कोपऱ्यात रबराच्या झडपा देतात, स्पीडला हवेने उघडतात आणि फॅन लागला की ओढून बंद होतात. जुन्या टायरच्या ट्यूबचे तुकडे छान चालतात.

जाळीतून प्लास्टिकच्या पट्ट्या घालून बांधतात तसं चालेल?

नाही. डिझेलचं व्हायब्रेशन आणि आपले रस्ते, पट्टी जाळीच्या पाकळ्या आणि मग नळ्या घासत राहते, वर्षभरात रेडिएटर घाम गाळायला लागतो. फॅनचं वजन काउलवर, काउल रेडिएटरच्या फ्रेमवर, मधे रबर बुश. जाळीवर काहीही टांगायचं नाही.

वायरमन म्हणतो डॅशबोर्डवर एक स्विच देतो, सरळ लाइन, बास.

त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा. दोन कारणं. एक, माणूस विसरतो, फोन येतो, घाट येतो, आणि काटा लालमध्ये गेल्यावर स्विच आठवतो. दोन, पूर्ण फॅनचा १५-२० अँपिअर करंट त्या छोट्या स्विचमधून आणि डॅशबोर्डमागच्या जुन्या वायरीतून जातो.

माझ्या गाडीला पहिल्यांदा असंच दिलं होतं, वर करंट हेडलाइटच्या लाइनीतून घेतलेला. खंबाटकी चढताना गाडीत जळकट वास यायला लागला, बायको म्हणाली क्लच असेल, मी म्हटलं पुढच्या ट्रकचे ब्रेक असतील. वर पोचलो तेव्हा स्विचचं प्लास्टिक वितळून बोटाला लागलं. नंतर मीटर लावून बघितलं तर बॅटरीवर १३.४ व्होल्ट आणि फॅनच्या टोकाला १०.४. तीन व्होल्ट वाटेत, वायर गरम करण्यात खर्च. फॅनला दोष देत होतो पण त्याला बिचाऱ्याला पोटभर मिळतच नव्हतं. म्हणून म्हणतो, फॅन कुठला घ्यायचा यावर महिनाभर चर्चा करणारे लोक वायर मात्र जी हाताशी असेल ती वापरतात आणि तिथेच सगळं फसतं.

मग बरोबर वायरिंग कशी? नीट सांगा.

१२ व्होल्टचा ४० अँपिअरचा रिले घ्या, म्हणजे छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, होल्डरसकट. पायांवर नंबर छापलेले असतात.

३० नंबर : बॅटरीच्या प्लसवरून, मधे फ्यूज, मग इथे.
८७ : इथून फॅनच्या प्लसला. फॅनचा मायनस अर्थिंगला.
८६ : चावी ऑन केल्यावर करंट येतो अशा लाइनीतून, मधे ५ अँपिअरचा छोटा फ्यूज.
८५ : इथून थर्मोस्विचला, आणि थर्मोस्विचमधून अर्थिंगला.

म्हणजे पाणी तापलं की थर्मोस्विच आत जोडला जातो, ८५ ला अर्थिंग मिळतं, रिलेची कॉइल ओढते आणि बॅटरीतून थेट फॅनला करंट जातो. कॉइलला लागतो जेमतेम पाव अँपिअरच्या आतला करंट, त्यामुळे थर्मोस्विच आणि तिथली वायर यांच्यावर लोडच नाही. मोठा करंट फक्त बॅटरी, फ्यूज, रिले, फॅन एवढ्याच वाटेने, सगळं बॉनेटखाली, डॅशबोर्डकडे फिरकतसुद्धा नाही.

दोन सूचना. पाच पायांच्या रिलेत मधला पाय ८७ए असतो, रिले बंद असताना तो चालू असतो. फॅन चुकून त्याला जोडलात तर इंजिन थंड असताना फॅन चालेल आणि तापल्यावर बंद पडेल, हसू नका, बघितलंय. दुसरं, काही रिलेंच्या आत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असतो, त्यात ८६ ला प्लस आणि ८५ ला मायनसच पाहिजे, उलट केलंत तर तो डायोड सरळ शॉर्ट होतो.

रिले लावताना पाय खाली करून लावा म्हणजे होल्डरमध्ये पाणी साचणार नाही, आणि एक्झॉस्टपासून लांब.

काम सुरू करण्यापूर्वी?

बॅटरीचा मायनस काढा. गरम इंजिनवर रेडिएटरची कॅप उघडू नका. बास.

वायर किती जाडीची?

फॅन १५ अँपिअरच्या आत ओढत असेल तर २.५ स्क्वेअर एमएम, त्याच्या वर ४. मी सरळ ४ वापरली. तीन मीटर लांबीचा हिशोब बघा : १ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीतून १५ अँपिअर गेला तर एका बाजूलाच साधारण ०.८ व्होल्ट पडतो, २.५ मध्ये ०.३३ आणि ४ मध्ये ०.२ च्या आसपास. परतीची वायर तेवढीच लांब असेल तर हे सगळं दुप्पट.

घरात वापरतात ती जाड तारेची वायर नको, गाडीची मल्टिस्ट्रँड ऑटो केबल घ्या, व्हायब्रेशनने तुटत नाही. जोड शक्यतो क्रिम्प करा, म्हणजे धातूच्या टोपीत वायर घालून चांगल्या पकडीने दाबा. नुसता सोल्डर केलेला जोड सोल्डर संपतो तिथे कडक होतो आणि डिझेलच्या थरथरीने बरोब्बर तिथेच तुटतो. आणि वायरी पिळून वर काळी टेप, हा प्रकार आपल्या गाडीत तरी बंद करा. उन्हाळ्यात तो गोंद वितळतो आणि टेप सुटून लोंबते.

फॅन किती करंट ओढतो कसं कळणार?

डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लावा. साध्या मल्टिमीटरने करंट मोजायला जाऊ नका, त्याची लिमिट बहुतेक १० अँपिअर असते आणि फॅन सुरू होताना क्षणभर चालू करंटच्या दोन-तीन पट ओढतो, मीटरचा फ्यूज जातो. वॅट छापलेले असतील तर भागिले १३ करा, २०० वॅट म्हणजे साधारण १५ अँपिअर.

फ्यूज कितीचा आणि कुठे?

चालू करंटच्या साधारण दीडपट. १५ ओढत असेल तर २५ चा, तो पारदर्शक रंगाचा येतो, २० चा पिवळा आणि ३० चा हिरवा. पण ४० चा फ्यूज २.५ च्या वायरीवर लावू नका, फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो, फॅन वाचवण्यासाठी नाही.

आणि जागा : बॅटरीपासून वीतभर अंतरात. फ्यूज फॅनजवळ लावला तर बॅटरी ते फ्यूज ही सगळी वायर उघडी राहिली, ती कुठे पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर तिला थांबवणारं कोणी नाही, गाडी पेटते ती अशीच. फ्यूज सारखा उडतोय म्हणून त्याजागी सिगरेटच्या पाकिटाची चांदी लावणाऱ्यांना माझ्याकडून काही सल्ला नाही.

अर्थिंग कुठे देऊ? बॉडीला स्क्रू मारला तर?

रंग खरवडून चकचकीत पत्रा काढा, थिंबल (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं), स्टार वॉशर, घट्ट बोल्ट आणि वरून ग्रीस किंवा व्हॅसलीन. त्याहून बरं, ४ ची वायर सरळ बॅटरीच्या मायनसला न्या. चाळीस वर्षांच्या जीपच्या बॉडीवर माझा विश्वास नाही, आणि कोकणात समुद्रकिनारी असाल तर अजिबातच नाही, खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात थिंबलखाली हिरवी बुरशी येते.

फॅन लागला की टेम्परेचरचा काटा उडी मारतो. पाणी एवढ्यात तापतं का?

नाही. एका सेकंदात काटा हलला तर ते पाण्याचं टेम्परेचर नाही, तुमचं अर्थिंग आहे. फॅनचा करंट आणि गेजचा सेन्सर एकाच खराब अर्थिंगवरून परत जातायत. फॅनचं अर्थिंग वेगळं करा.

थर्मोस्विच किती डिग्रीचा?

इथे आधी गाडीतला थर्मोस्टॅट कितीचा ते बघा, त्याच्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. तो उघडायला लागण्याचा आकडा, पूर्ण उघडायला अजून दहा-बारा डिग्री लागतात. फॅन त्याच्या वर चालू झाला पाहिजे आणि बंदही थर्मोस्टॅटच्या आकड्याच्या वरच झाला पाहिजे. ८२ च्या थर्मोस्टॅटला ९२ ला चालू, ८७ ला बंद होणारा स्विच छान बसतो. ८८ च्या थर्मोस्टॅटला तोच स्विच लावलात तर पाणी ८७ च्या खाली येणारच नाही आणि फॅन कधी थांबणारच नाही, मग लोक म्हणतात रिले चिकटला.

हा हिशोब इंजिनमधून बाहेर येणाऱ्या गरम पाण्याचा. स्विच रेडिएटरच्या खालच्या, थंड बाजूला बसवणार असाल तर तिथलं पाणी आधीच थंड झालेलं असतं, कमी डिग्रीचा स्विच लागेल.

खात्री करायची तर पातेल्यात पाणी, त्यात स्विचचं टोक, थर्मामीटर आणि मल्टिमीटरचा बझर. थर्मोस्टॅट पण त्याच पातेल्यात तपासता येतो. पातेलं नंतर स्वयंपाकघरात परत ठेवू नका, पकडले जाता.

स्विच बसवायला रेडिएटरला भोकच नाही.

वरच्या होज पाइपमध्ये बसणारा अॅल्युमिनियमचा अॅडॉप्टर मिळतो, होज कापून मधे घालायचा, दोन्हीकडे क्लॅम्प. पण दोन्ही बाजूंना रबर असल्यामुळे त्याला अर्थिंगच नाही, एका वायरीचा स्विच असेल तर अॅडॉप्टरच्या बॉडीला वेगळी अर्थिंगची वायर द्यावी लागते. तसंच थ्रेडवर टेफ्लॉन टेप गच्च गुंडाळली की एका वायरीच्या स्विचचं अर्थिंग तुटतं. दोन वायरींचा स्विच घेतला की ही भानगडच नाही.

जाळीत टोक खुपसायचा सेन्सर स्वस्त येतो, पण तो पाणी मोजत नाही, जाळी मोजतो. मी वापरला नाही.

मेकॅनिकने थर्मोस्टॅट काढूनच टाकलाय, म्हणाला आपल्या हवेत लागत नाही.

आपल्याकडचा सगळ्यात लाडका जुगाड. इंजिन तापायला वेळ लागतो, डिझेल धूर मारतं, झीज वाढते. गंमत म्हणजे बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासचं तोंड बंद करतो, तो काढला की बायपास कायमचा उघडा, थोडं पाणी रेडिएटरमध्ये न जाताच परत इंजिनमध्ये फिरतं आणि घाटात गाडी उलट जास्त तापते. परत बसवा, मग फॅनचं बघू.

पावसाळ्यात पाण्यातून गाडी घातली तर?

इथे इलेक्ट्रिक फॅन जिंकतो. बेल्टवरचा फॅन पाण्यात बोटीच्या पंख्यासारखा पुढे ओढला जातो आणि पाती वाकून रेडिएटर फाडतात, जुलैमध्ये ओढे पार करणाऱ्या जीपवाल्यांना हे माहीत आहे. इलेक्ट्रिक फॅन बंद करता येतो. त्यासाठी तीन पोझिशनचा छोटा स्विच द्या, मधे ऑफ असलेला : मधला पाय रिलेच्या ८५ ला, एक बाजू थर्मोस्विचला, दुसरी बाजू सरळ अर्थिंगला. एकीकडे ऑटो, मधे बंद, दुसरीकडे कायम चालू. यातून करंट नाममात्र जातो, स्विच वितळायचा प्रश्न नाही. पाण्यातून बाहेर आलात की ऑटोवर टाकायला विसरू नका, मी डॅशबोर्डवर ८७ वरून एक छोटा दिवा पण घेतलाय, फॅनला करंट जातोय की नाही ते दिसतं. फॅन खरंच फिरतोय का ते दिवा सांगत नाही, त्यासाठी कान.

अल्टरनेटरला झेपेल?

बेरीज करा. फॅन १५, हेडलाइट १०, वायपर ४, बाकी दिवे ३, झाले ३२ अँपिअर, वर बॅटरी चार्ज व्हायची बाकी. अल्टरनेटरच्या प्लेटवर लिहिलेला आकडा चांगल्या आरपीएमचा असतो, आयडलला त्याच्यापेक्षा बराच कमी मिळतो. रात्री गाडी आयडलला ठेवून हेडलाइट आणि फॅन लावा, बॅटरीवर मीटर धरा. १३.२ च्या वर राहिलं तर निवांत. १२.५ च्या खाली आलं तर बॅटरी खातेय, मोठा अल्टरनेटर बघा. जुन्या डायनामोच्या गाडीला तर आधी अल्टरनेटर, मग फॅन. फॅन सुरू होताना लाइट एकदा पापणी लवल्यासारखे मंद होतात ते चालायचंच.

एसी आहे गाडीला.

मग एसी लावला की फॅन लागलाच पाहिजे, इंजिन थंड असलं तरी. त्यासाठी कंडेन्सरचा (एसीच्या पुढच्या जाळीचा) फॅन वेगळा ठेवा, वेगळा रिले, कॉम्प्रेसरच्या क्लचच्या वायरीवरून त्याच्या ८६ ला सिग्नल आणि ८५ अर्थिंगला. एकाच रिलेवर दोन्ही सिग्नल बांधलेत तर करंट उलटा फिरून पाणी तापल्यावर एसीचा क्लच आपोआप ओढतो, मग मधे डायोड घाला वगैरे. वेगळा रिले सोपा.

नागपूरला ४५ डिग्रीत फॅन असूनही काटा जरा वरच राहतो.

राहणारच. रेडिएटर पाणी आणि हवा यांच्यातल्या फरकावर चालतो. पाणी ९० ला आणि हवा २५ ला असेल तर फरक ६५ चा, हवा ४५ ला गेली की फरक ४५, म्हणजे त्याच रेडिएटरमधून जवळजवळ तीस टक्के कमी उष्णता निघते. वर बोअरचं जड पाणी घातलं असेल तर आत क्षार धरलेत ते वेगळेच. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं निम्मं घाला, बोअर नको.

महाबळेश्वरला पाणी लवकर उकळतं हे खरं का?

उघड्या भांड्यात खरं. साधारण दर ३०० मीटरला एक डिग्री कमी, म्हणजे तिथे ९५-९६ ला उकळेल. पण गाडीत कॅप प्रेशर धरते, ०.९ बारची चांगली कॅप उकळण्याचा आकडा वीसेक डिग्रीने वर नेते. कॅपचं रबर गेलं असेल तर मात्र वर पोचल्यावर वाफ निघणारच. शंभर-दोनशे रुपयांसाठी लोक घाटात बाटल्या ओतत उभे राहतात. आणि ओतायचंच तर इंजिन थंड झाल्यावर, तापलेल्या हेडवर गार पाणी ओतलं की हेडला क्रॅक.

चावी काढल्यावर फॅन चालू राहिला पाहिजे का?

मी नाही ठेवला. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, पाणी फिरतच नाही, फॅन फक्त रेडिएटरमधलं पाणी गार करतो आणि बॅटरी खातो. घाट चढून आलात तर दोन मिनिटं आयडलला ठेवून मग बंद करा.

नवीन गाडी आहे, वॉरंटीत.

हात लावू नका. तापत असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्या.

रस्त्यात फॅन बंद पडला तर?

आधी फ्यूज बघा. तो चांगला असेल तर तीन पोझिशनचा स्विच कायम चालूवर टाका, फॅन लागला तर थर्मोस्विच किंवा त्याची वायर गेलीय, तसंच घरी या. नाहीच लागला तर रिले काढा आणि होल्डरमध्ये ३० आणि ८७ च्या जागी जाड वायरीचा तुकडा घाला, फॅन फिरायला लागला तर रिले गेला. मी डॅशबोर्डच्या खणात एक जादा रिले, चार फ्यूज आणि दोन्ही टोकांना पिन लावलेली वीतभर ४ ची वायर कायम ठेवतो. ती वायर घातली की फॅन सरळ बॅटरीवर असतो, चावी काढली तरी थांबत नाही, तेव्हा ढाब्यावर जेवायला उतरलात तर आधी ती वायर उपसून खिशात टाका.